नरम सतरा

नोकरीच्या शहाऐंशीव्या दिवशी, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला, नोरीन उरियार्तेच्या खांद्यावर बदलीच्या मुलीनं टिचकी मारली. नोरीननं कसिनोतल्या सात नंबरच्या टेबलावर दोन्ही हात एकमेकांवर झाडले, तळवे वर करून छताला दाखवले आणि ती बाजूला झाली. छतातल्या काळ्या काचांमागे कॅमेरे होते. टेबल सोडताना हात रिकामे दाखवायचे, हा या धंद्यातला पहिला धडा. बावीस वर्षांत नोरीनच्या अंगात तो इतका मुरला होता की घरी भांडी घासून झाल्यावरही ती सिंकपुढे तळवे वर करायची, आणि नवरा व्हर्न खुर्चीतून ओरडायचा, "दिसले गं, दिसले! चमचे सगळे जागेवर आहेत!"

व्हर्न हल्ली खुर्चीतूनच ओरडायचा. तीस वर्षं एल्कोच्या खाणीत ट्रक चालवून त्याचा डावा खुबा पार झिजला होता, आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती ती नोरीनच्या नोकरीच्या चौऱ्याण्णवाव्या दिवसाची. ग्रॅनाइट कसिनोत नव्वद दिवस पुरे झाले की माणूस कायम होतं आणि आरोग्य विमा सुरू होतो. त्या नव्वद दिवसांत तीन लेखी ताकिदी मिळाल्या तर मात्र घरचा रस्ता. नोरीनच्या नावावर दोन जमा होत्या. चार दिवस उरले होते आणि ती ताकसुद्धा फुंकून पीत होती.

दोन्ही ताकिदी एकाच गोष्टीच्या. एक्का आणि छक्की.

ब्लॅकजॅकमध्ये एकवीसच्या जवळ जायचं पण ओलांडायचं नाही, आणि एक्का एकही असतो आणि अकराही. कसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्या डीलरकडे एक्का आणि छक्की आली की सतरा होतात, पण कच्चे. मनात आणलं तर ते सातच. धंद्यातले लोक त्याला नरम सतरा म्हणतात. आता या नरम सतरावर डीलरनं थांबायचं की आणखी एक पान घ्यायचं, हे ज्या त्या कसिनोनं ठरवायचं. या रेनो गावात एका रस्त्याच्या अलीकडे थांबतात आणि पलीकडे घेतात. घेतलं की कसिनोचा फायदा किंचित वाढतो. किंचितच, पण कसिनो या किंचितवरच तर उभे असतात.

नोरीननं बावीस वर्षं काढली ज्युनिपर क्लबमध्ये. तिथे सगळ्या टेबलांवर एकच कायदा, थांबायचं. मालक म्हातारा होता, त्याला गुंतागुंत सोसत नसे. तो गेला, मुलांनी जागा विकली, आणि छप्पन्नाव्या वर्षी नोरीन ग्रॅनाइटमध्ये नवशिकी म्हणून लागली. पहिल्या दिवशी नियमांचं जाडजूड पुस्तक हातात ठेवून सही मागितली, तेव्हा तिनं ते उघडलंसुद्धा नाही. हिच्या हाताखाली शिकलेली चाळीस माणसं या गावात पत्ते वाटत होती. हिनं काय पुस्तक वाचायचं! सही ठोकली आणि पुस्तक लॉकरच्या तळाशी गेलं.

ग्रॅनाइटचा कारभार निराळा होता. बाहेरच्या टेबलांवर सहा कॅटांची पेटी, आणि तिथे नरम सतरावर पान घ्यायचं. आतल्या महागड्या खोलीत दोन कॅट हातात धरून वाटायचे, आणि तिथे थांबायचं. एकाच छताखाली, चाळीस पावलांवर. बाराव्या दिवशी नोरीन बाहेर थांबली. एका खेळाडूनं बोंब मारली, पहिली ताकीद. एकतिसाव्या दिवशी तिनं आत पान घेतलं. कॅमेरे बघणाऱ्या वरच्या खोलीतून फोन आला, दुसरी. बरं, नियम टेबलाच्या कापडावर छापलेला असतो, ठसठशीत अक्षरात. पण तो खेळाडूंना वाचता यावा असा. डीलरच्या बाजूनं बघितलं तर उलटा.

दुसऱ्या ताकिदीनंतर नोरीननं स्वतःपुरती एक युक्ती काढली. अंगठी. आतल्या टेबलावर लग्नाची अंगठी डाव्या हातात, तिच्या नेहमीच्या जागी: जुना नियम, थांब. बाहेरच्या टेबलावर अंगठी उजव्या हातात: नवा नियम, पान घे. टेबल बदललं की चालता चालता अंगठीही बदलायची. पत्ते उलटले की नजर अंगठीवर जायची आणि हात आपोआप बरोबर वागायचा. पंचावन्न दिवस एक चूक झाली नव्हती. युक्ती तिनं कुणाला सांगितली नाही. चाळीस जणांच्या गुरूला सतरा लक्षात राहत नाहीत, हे सांगणार कुठल्या तोंडानं?

चाळिसांपैकी एक तर तिच्या डोक्यावरच बसला होता. रॉमेल बालुयोत, वय चौतीस, ग्रॅनाइटचा सुपरवायझर. बारा वर्षांपूर्वी हाच पोरगा थरथरत्या हातांनी ज्युनिपरच्या मागच्या खोलीत पैशांच्या चकत्या, चिप्स, रचायला शिकला होता. "चूक झाली की हात आहे तिथे थांबव आणि तोंड उघड," असं नोरीननं त्याला शंभरदा ऐकवलं होतं. ग्रॅनाइटमध्ये पहिले दोन महिने तो तिला बघून हसायचा, 'मिस नोरीन' म्हणून विचारपूस करायचा, आईनं केलेल्या लुंपिया, तळलेल्या खमंग सुरळ्या, डब्यातून आणून द्यायचा. गेल्या तीन आठवड्यांत मात्र हसणं बंद, डबा बंद. शिवाय तो तिला एका पाळीत चार-चार वेळा आतबाहेर नाचवत होता. साहेब झाला की माणूस विसरतो, असं नोरीन घरी म्हणाली होती आणि व्हर्ननं त्याला खाणीतली एक शिवी दिली होती.

अंगठी डाव्या हातात दामटून नोरीन आतल्या खोलीत आली, तेव्हा विंडल हॅस्किन्स आधीच येऊन बसले होते. फॅलनकडचे गुरंवाले, वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर कायम तीच मळकी टोपी. ज्युनिपरमध्ये ते वीस वर्षं नोरीनच्याच टेबलावर खेळले, आणि इथेही ती जाईल त्या टेबलावर मागोमाग येत.

"आलीस का बाई! मला वाटलं, तुला बाहेरच पुरून टाकलं."

"तुम्हाला पोचवल्याशिवाय मी कुठे जातेय, हॅस्किन्स."

"इथे थांबायचं ना गं? का घ्यायचं? मला तर काही कळेनासं झालंय."

"इथे थांबायचं." नोरीननं डाव्या हाताकडे बघून सांगितलं.

पंधरा मिनिटं गेली असतील नसतील, दारात रॉमेल उभा राहिला. "सात नंबरवरची मुलगी ओकतेय. तुम्ही बाहेर या. लगेच."

"आत्ताच तर आले मी."

"लगेच म्हणालो ना."

नोरीननं हात झाडले, तळवे दाखवले आणि निघाली. चालता चालता अंगठी ओढली. निघेना. सकाळपासून बोटं सुजलेली होती. रात्रीच्या लोणच्याचं मीठ. सांध्यावर अडली. तोवर सात नंबर आलं. ती पोरगी तोंडावर रुमाल धरून पळाली, टेबलावर दोन खेळाडू ताटकळत होते, आणि पाठोपाठ हॅस्किन्स येऊन उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीत बसलेसुद्धा. एक डाव होऊ दे, मग काढते, असं म्हणत नोरीननं पेटीत हात घातला.

सॅक्रामेंटोहून आलेलं एक तरुण जोडपं होतं. मुलाकडे अठरा, मुलीकडे वीस. हॅस्किन्सकडे सहा आणि पाच, अकरा. नोरीनचं उघडं पान छक्की. हॅस्किन्सनी पैज दुप्पट केली, दोनशेवर आणखी दोनशे ठेवले; त्यावर पान एकच मिळतं.

"एकच दे, पण बरं दे."

अठ्ठी आली. एकोणीस. नोरीननं आपलं झाकलेलं पान उलटलं.

एक्का.

नजर अंगठीवर गेली. डावा हात. "सतरा," ती म्हणाली, आणि हात चिप्सकडे वळला. पैसे द्यायचे ते डीलरच्या उजवीकडून. चार काळ्या चिप्स हॅस्किन्सपुढे सरकल्या, शंभराची एक. मग ती मुलीकडे वळली. हिरव्या चिप्स बोटांत घेतल्या. आणि नेमकी तेव्हा तिची नजर कापडावरच्या त्या उलट्या ओळीवर पडली.

हे सात नंबर होतं. इथे घ्यायचं होतं.

हात मुलीच्या चिप्सवर अधांतरी राहिला. कुणालाच काही कळलं नव्हतं. पोरं जिंकली होती, ती कशाला तोंड उघडतील? हॅस्किन्स तर समोरच्या चिप्स रचतही होते. रॉमेल चार टेबलं पलीकडे, पाठमोरा. वरच्या खोलीत शेकडो पडदे आणि बघणारी माणसं दोन. रविवारी सकाळी हेच टेबल कोण बघत असणार? हात दोन वीत पुढे न्यायचा, हिरव्या चिप्स ठेवायच्या, पत्ते गोळा करायचे. संपलं. चार दिवस. व्हर्नचा खुबा. जन्मभर नाकासमोर चाललीस, एकदा डोळा मीट की! ज्युनिपरमध्ये तर ही चूकच नव्हती. तिथे हेच बरोबर होतं, बावीस वर्षं हेच बरोबर होतं!

तिची बोटं थोडी पुढे सरकली. खरंच सरकली.

मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, मागच्या खोलीतला, बारा वर्षांपूर्वीचा. ती मनातल्या मनात त्या आवाजाला शिव्या घालत थांबली, आणि तिनं हाक मारली.

"सुपरवायझर!"

रॉमेल वळला. आला. त्याचा चेहरा दगडासारखा.

"माझ्याकडे नरम सतरा होते. मी थांबले. एक जागा चुकीची भरली," नोरीन म्हणाली.

"अगं ए!" हॅस्किन्स ओरडले. "काय बोलतेस? गप की!"

रॉमेलनं वर बघितलं, काळ्या काचेकडे. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "दिलेले परत घ्या. पान काढा."

नोरीननं हॅस्किन्सपुढच्या चार चिप्स मागे ओढल्या. पेटीतून पान काढलं. किलवरची चौकी. सतरा आणि चार, एकवीस. सगळं टेबल मेलं.

"झालं समाधान?" सॅक्रामेंटोचा मुलगा म्हणाला. "वा! बाईंना कसिनोचा गल्ला भरून पाहिजे होता!"

हॅस्किन्स हळूहळू उठले. टोपी सारखी केली. "वीस वर्षं तुझ्या टेबलावर पैसे घातले नोरीन. घालवले तरी कधी कुरकुर केली नाही. पण हाताशी आलेलं काढून घेतलंस आज."

"ते तुमचं नव्हतं, हॅस्किन्स."

"पाच मिनिटांपूर्वी, पलीकडच्या खोलीत, ते माझंच असतं." आणि तेही खरं होतं. ते निघून गेले.

रॉमेलच्या कानातल्या बटणात कुणीतरी बोललं. तो ऐकत राहिला. "मिस नोरीन, हात दाखवा. वर बोलावलंय."

तिनं हात झाडले, तळवे वर केले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. रॉमेल तिच्यापुढे जिना चढला. तिनंच विचारलं, "तिसरी ना रे?" त्यानं फक्त दार उघडून धरलं.

वरच्या खोलीची प्रमुख ओडेसा क्रँडल. साठीची, हाडकुळी, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेली. या बाईनं आयुष्यात कुणाला सोडलं नाही असं खाली बोललं जायचं. तिच्यापुढच्या पडद्यावर सात नंबरचं टेबल गोठलं होतं आणि त्यावर नोरीनचा अधांतरी हात.

"मला माहीत आहे," नोरीन उभ्याउभ्याच म्हणाली. "तिसरी आहे. कागद द्या, सही करते."

"बसा. चूक राहू दे बाजूला. मला अंगठीचं सांगा."

ओडेसानं एक वही पुढे सरकवली. तारखा, वेळा, टेबलांचे आकडे, आणि प्रत्येकापुढे लिहिलेलं: डावा, उजवा, डावा, उजवा. तीन आठवड्यांचं.

"तुम्ही टेबल बदललंत की अंगठी हात बदलते. एकच म्हातारा तुमच्यामागे प्रत्येक टेबलावर येतो. तुमच्या जुन्या जागेवरचा. तो टोपीला हात लावतो, तुम्ही अंगठीकडे बघता. मी पस्तीस वर्षं हे काम करतेय बाई. याला मी काय म्हणू?"

आता नोरीनच्या तोंडचं पाणी पळालं. खूण! तिला वाटत होतं नोकरी जाईल. ही बाई तर तिला चोर म्हणत होती. खूण करून ग्राहकाला पैसे पोचवणाऱ्या डीलरला या राज्यात पुन्हा कुणी पत्त्याला हात लावू देत नाही, आणि कोर्टाची पायरी चढावी लागते ती वेगळीच.

"ती खूण माझ्यासाठी आहे," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या एकटीसाठी. डावीत असली की थांबायचं, उजवीत असली की घ्यायचं. मला लक्षात राहत नव्हतं. लाज वाटली, म्हणून बोलले नाही कुणाला."

ओडेसानं चष्मा चढवला. वहीवरून बोट फिरवत गेली. आतलं टेबल, डावा. बाहेरचं, उजवा. पान उलटलं. आतलं, डावा. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"आज बाहेर. आणि डावा."

"निघाली नाही. बोट सुजलंय." नोरीननं हात पुढे केला. अंगठीच्या कडेनं मांस वर आलं होतं. "म्हणूनच चुकले."

ओडेसानं वाकून ते बोट नीट बघितलं. मग तिनं पडद्यावरचं चित्र सुरू केलं. हॅस्किन्सपुढे चार चिप्स गेल्या. हात मुलीकडे वळला आणि थांबला. कोपऱ्यात सेकंदांचे आकडे पळत होते.

"नऊ," ओडेसा म्हणाली. "हाक मारायच्या आधी नऊ सेकंद. या नऊ सेकंदांत काय चाललं होतं?"

मोजत होते, असं म्हणता आलं असतं. गोंधळले होते, असंही. नोरीनला दोन्ही उत्तरं सुचली.

"लपवावं का, ते चाललं होतं," ती म्हणाली. "नवऱ्याची शस्त्रक्रिया आहे. चार दिवस राहिलेत."

ओडेसानं पडदा बंद केला. "ते चारशे त्या म्हाताऱ्याकडे तसेच राहिले असते, तर आत्ता या खुर्चीसमोर मी नसते, राज्याचे अधिकारी असते. वहीसकट. आणि तुमच्या शेजारी रॉमेल असता. तुमचा विद्यार्थी ना तो? ही वही सुरू केली त्याच आठवड्यात मला येऊन म्हणाला, बाई तशी नाही, हवं तितकं तपासा. मीच त्याला तुम्हाला आतबाहेर फिरवायला सांगितलं, आणि तुमच्याशी बोलायचं नाही म्हणूनही सांगितलं."

नोरीनला मान वर करवेना. त्या पोराला तिनं काय काय म्हटलं होतं.

"आता कागद द्या," ती म्हणाली.

"कसला?"

"तिसऱ्या ताकिदीचा."

"पान एकतीस," ओडेसा म्हणाली. "नियमांचं पुस्तक. पुढचा डाव सुरू व्हायच्या आत डीलरनं स्वतः सांगितलेली चूक, ताकीद धरली जात नाही. सही केलीय तुम्ही त्याच्यावर."

"ज्युनिपरमध्ये चूक ती चूक होती. सांगा, नका सांगू."

"हे ज्युनिपर नाही. हे तुम्हाला शहाऐंशी दिवस सगळेच सांगतायत." ओडेसानं वही मिटली. "अंगठी एका हातात ठेवा. आणि पुस्तक वाचा."

जिन्याच्या तळाशी रॉमेल भिंतीला टेकून उभा होता. नोरीन त्याच्यासमोर थांबली. बोलायला तोंड उघडलं तर रडूच आलं, आणि तिला रडण्याचा भयंकर राग आला.

"मी तुला घरी फार वाईट बोलले रे."

"माहीत आहे मला. तुमची जीभ मी बारा वर्षं ओळखतो." तो तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला. "आई विचारत होती, लुंपियाचा डबा परत का येत नाही. मी तो तुम्हाला दिलाच नव्हता, माझ्या लॉकरात पडलाय. तिला काय सांगणार?"

सात नंबरवर दुपारभर तिनं पत्ते वाटले. नरम सतरा दोनदा आले. दोन्ही वेळा तिनं ती उलटी ओळ अक्षर लावत वाचली, आणि पान घेतलं. उजवीकडची शेवटची खुर्ची रिकामीच राहिली. हॅस्किन्स पुन्हा आले नाहीत. पुढेही कधी आले नाहीत.

संध्याकाळी घरी मटणाचा रस्सा आणि घेवडा झाला. व्हर्नला तिनं सगळं सांगितलं. अंगठीचं, वहीचं, पान एकतीसचं. तो टेबल बडवत हसला, खुबा दुखला म्हणून कण्हला आणि परत हसला. नऊ सेकंदांचं तेवढं तिनं सांगितलं नाही.

भांडी घासून झाली. तिनं सिंकपुढे हात झाडले आणि तळवे वर केले.

"दिसले गं, दिसले!" व्हर्न ओरडला.

नोरीननं हात खाली घेतले नाहीत. ओले तळवे तसेच वर धरून ती मनात मोजू लागली. एक, दोन, तीन. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. सहाला व्हर्ननं विचारलं, काय झालं गं? सातला तिचे खांदे भरून आले. नऊ होईपर्यंत तिला कळलं की इतका वेळ माणूस गोंधळलेलं नसतं. इतक्या वेळात माणूस लपवायचं ठरवूनही बसतं.